दाजीचा स्टँड आणि अण्णांची अट

आमच्या दाजी फोटोग्राफरच्या स्टुडिओतून जितके फोटो निघाले, त्याच्या दुप्पट किस्से निघाले. फोटो लोक घेऊन गेले, भिंतीला लावून बसले. किस्से कोण नेणार? ते आमच्याकडेच पडून राहिले आणि पडल्या पडल्या वाढत गेले. आता कोणी मालवणात भेटला आणि "मास्तर, दाजीच्या स्टँडाचो तो किस्सो सांगा" म्हणाला, की मी आधी विचारतो, "खंयचो?"

मास्तर म्हणजे मी. शाळेत ड्रॉइंग शिकवायचो आणि सुटीत दाजीच्या स्टुडिओतले पडदे रंगवायचो. एका पडद्यावर महाल होता. त्याच्या खिडक्या वाकड्या आहेत, असं दाजी गावभर सांगायचा. सांगू दे! माझ्या खिडक्या निदान जागच्या जागी होत्या. त्याच्या फोटोतली माणसं तेवढीही नसायची.

पण सगळा दोष दाजीचा नव्हता, स्टँडाचा होता. त्या काळातला कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी आणि काळं फडकं. झाकण काढायचं, "एक, दोन, तीन" म्हणायचं, झाकण लावायचं. तेवढ्यात ना माणूस हलता कामा, ना कॅमेरा. म्हणून खाली तीन पायांचा स्टँड, आणि त्यावर कॅमेरा बसवून फिरवायचं, आवळायचं हेड. दाजीकडे वडिलांच्या वेळचा एक भक्कम स्टँड होता. होता!

* * *

तो गेला रापणीत.

रापण म्हणजे समुद्रात सोडलेलं मोठं जाळं दोन्ही टोकांनी दोर धरून किनाऱ्यावर ओढायचं. रिवाज असा, की दोराला ज्याने हात लावला त्याला माशांचा वाटा मिळतो. मग तो कोणी का असेना.

दाजीला रापणीचा फोटो हवा होता. वाळूत स्टँड रोवून तो काळ्या फडक्यात शिरला. आतल्या काचेवर सगळं उलटं दिसतं, त्यामुळे माणसं जवळ येतायत की आपण, हे त्याला कळेना. तो आतून ओरडतोय, "अरे, फुडे येव नको! मागे र्‍हवा!" आणि इकडे दोराचा वेढा स्टँडाच्या पायात पडून दाजीच वाळूवरून सरकतोय!

मी धावलो आणि कॅमेरा उचलला. स्टँड मात्र दोराबरोबर गेला तो जाळं वर येईपर्यंत थांबला नाही. एक पाय मोडला, हेडात वाळू भरली आणि ते जाम झालं.

वाटे पडले तेव्हा रापणीच्या म्होरक्याने बांगड्यांचा एक ढीग दाजीसमोर टाकला. दाजी म्हणाला, "माका कित्याक? मी खंय दोर ओडलंय?"

"तुजो नाय रे! ह्यो तुज्या स्टँडाचो वाटो. तेना ओडल्यान. तू नुसतो बोंबललंस!"

दाजी म्हणजे हट्टी. म्हणे, "तेका तीन पाय आसत. तीन वाटे दी!"

"मोडलो एकच. गप घरा जा."

घरी दाजीच्या आयेने बांगडे तळले. दाजी तोंड पाडून बसलेला. आये त्याच्या पानात दुसरा बांगडा टाकत म्हणाली, "रडतंस कित्याक? इतक्या वर्सात तुज्या धंद्यातसून घरात पयल्यांदाच काय तरी इला!"

* * *

स्टँड गेल्यावर दाजी कॅमेरा स्टुलावर ठेवून फोटो काढू लागला. स्टूल डुगडुगायचं. आणि नेमकं त्याच दिवसांत कसालच्या पलीकडच्या एका गावातून बोलावणं आलं. अण्णा गावकर म्हणून तिथले मोठे मानकरी, देवळात त्यांच्या शब्दाशिवाय नारळ फुटायचा नाही. त्यांच्या मुलीचा, शालूचा, फोटो मुंबईच्या एका स्थळाला पाठवायचा होता.

आम्ही गेलो. शालू अंगणात येऊन खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "वायच लवकर काडा हां. चुलीर भात आसा."

एवढंच बोलली. पण आमचा दाजी गेला! काळ्या फडक्यात शिरला तो बाहेरच येईना. मी बाहेरून ढोसलं तेव्हा झाकण काढलं. खाली स्टूल डुगडुगतंय. फोटो काय यायचा तो आला.

अण्णांनी तो उन्हात धरला. मग सावलीत धरला. मग म्हणाले, "माज्या चेडवाक चार डोळे खंयसून इले?"

दाजी म्हणाला, "अण्णानू, स्टँड नाय म्हणान..."

तो फोटो मुंबईला काही गेला नाही. परत येताना वाटेत दाजी एकदम थांबला आणि मला म्हणाला, "मास्तर, माका ह्या चेडू चार डोळ्यांचा पण चलात." मला हसू आलं आणि त्याची दयाही आली. पस्तिशीला आलेला माणूस, त्याने कधी कुणाकडे मान वर करून बघितलं नव्हतं.

आठवड्याने मीच गेलो अण्णांकडे शब्द टाकायला. अण्णा सुपारी कातरत म्हणाले, "ज्या माणसाचो फोटो थारार नाय, तेचो संसार काय थारार र्‍हवतलो?" मी पडलो मास्तर, चिवटपणा अंगातच. उठलोच नाही. शेवटी कंटाळून त्यांनी अट घातली. "जत्रेदिशी देवळासमोर आमच्या सगळ्या मानकऱ्यांचो फोटो काडा. तेतूर एक जरी माणूस हललेलो दिसलो, तर चेडू मुंबैक. नाय दिसलो, तर बगूया."

आतून कोणीतरी दाराची कडी मुद्दाम वाजवली. मला बरं वाटलं.

* * *

जत्रेला पावसाळा मध्ये होता. दाजीने बाबल सुताराला गाठलं. म्हणाला, "हलको व्हयो, पण हलाचो नाय असो स्टँड करून दी."

बाबल मोठा हुशार. हलकं लाकूड कुठलं, तर पांगारा! कुंपणाचे ओले दांडे तोडले, तासले, तीन पाय केले. स्टँड अंगणात उभा केला आणि त्याच रात्री असा पाऊस लागला, की कोणी बाहेर जाऊन तो आत आणायच्या भानगडीत पडलं नाही. आज आणू, उद्या आणू, असं म्हणता म्हणता आषाढ संपला.

एका सकाळी आयेची हाक आली. "दाजी! तुज्या स्टँडाक पालो इलो!"

आम्ही धावलो. तिन्ही पायांना कोवळी पानं फुटलेली. दाजीने उपटायला बघितलं, एक पाय हलेना!

बाबलला बोलावलं. दाजी त्याच्यावर चवताळून गेला. बाबल शांतपणे स्टँडाभोवती एक फेरी मारून म्हणाला, "मगे ओराडतंस कित्याक? तुकाच हलाचो नाय असो व्हयो होतो मां? मुळां धरल्यान, आता जल्मात हलाचो नाय!"

तो पांगारा पुढे चांगला छपरापर्यंत वाढला. आयेने त्यावर मिरीचा वेल चढवला.

* * *

मग आम्ही जुना स्टँड शोधायला लागलो. कुणीतरी सांगितलं, खारेपाटणात एक फोटोग्राफर वारला, त्याच्या घरी स्टँड आहे.

गेलो. त्याची म्हातारी बहीण दारात. "स्टँड आसा गो आजये?" दाजीने विचारलं.

"आसा तर! मागल्यादारी उभो आसा. कामात आसा."

मागे जाऊन बघतो तर स्टँडाच्या तीन पायांवर पडवळीचा मांडव! एकेका पायाला तीन-चार पडवळं लोंबतायत, सरळ वाढावीत म्हणून प्रत्येकाच्या शेंड्याला दगड बांधलेला. दाजी खाली बसून एकेक पाय दाबून बघू लागला. कुठे डुगडुग नाही, कुठे कीड नाही. माझ्याकडे बघून त्याने डोळे मिचकावले.

"आजये, ह्यो माका दी."

"दितंय. पडवळां सोपली की ने."

"कदी सोपतली?"

"ता माका काय इचारतंस? पडवळाक इचार!"

दाजीने हात जोडले, लग्नाची सगळी हकीकत सांगितली. म्हातारी विरघळली, पण पडवळावरून हटली नाही. शेवटी म्हणाली, "भाव आसताना माजो एक पण फोटो काडूक नाय. तू काड. मगे मी दुसऱ्या कोणाक स्टँड देवचंय नाय."

स्टँडाचं हेड कधीच हरवलेलं. आम्ही पायांवर कॅमेरा ठेवून सुंभाने घट्ट बांधला आणि पडवळींच्या आडूनच म्हातारीचा फोटो काढला. फोटोत म्हातारीच्या नाकासमोर एक लांबलचक पडवळ आलं, पण काय स्पष्ट! पडवळाची लव मोजून घ्यावी! आम्ही तो फोटो घेऊन परत गेलो तेव्हा म्हातारीने बराच वेळ बघितला आणि खूश होऊन म्हणाली, "माजा जाव दी. पडवळ किती बेस इला!"

गणपती झाले, पडवळं संपली, स्टँड आमचा झाला. आता राहिलं हेड.

* * *

गोवा तेव्हा अजून पोर्तुगीजांकडे. दाजीची मावशी पेडण्याला दिलेली. तिकडच्या एका म्हाताऱ्या पाद्रीकडे जुनं हेड आहे, असं तिने कळवलं. तिच्याकडे हद्द ओलांडून इकडे यायचा परवाना होता. दिवाळीला येताना ती ते घेऊन यायची होती. आम्ही तिला आणायला इन्सुलीपर्यंत गेलो.

इथे कस्टमच्या नाक्यावर गोव्याकडून आलेली सर्व्हिस मोटार थांबवून तपासणी व्हायची. मावशीच्या तांदळाच्या डब्यातून हेड निघालं! लोखंडाचं, जड, एक लांब दांडा बाहेर आलेला. नाक्यावरचे साहेब घाटावरचे, नवीन आलेले. त्यांनी ते हातात घेऊन फिरवलं आणि हा बंदुकीचाच भाग असं वाटून त्यांचा चेहरा बदलला. "बाई, हे काय आहे?"

खरं सांगितलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण साहेब दिसला की खरं सांगायचं नाही, असा मावशीचा समज. ती ठणकावून म्हणाली, "शिरवाळ्यांचो साचो!"

साहेबांना शिरवाळे माहीत नव्हते. मावशीने सांगितलं, तांदळाच्या शेवया असतात, नारळाच्या गोड रसातून खायच्या.

साहेब हुशार. म्हणाले, "मग करून दाखवा."

आम्ही दोघं गार! मावशी काही गार झाली नाही. पदर खोचत म्हणाली, "करतंय. पण कोरडे खातलास? रस कोण काडतलो? आदी नारळ हाडा!"

साहेबांनी खरंच शिपाई पाठवला! तो गेला कुणाच्या तरी माडाखाली. इकडे मोटारीतली माणसं ओरडायला लागली, ड्रायव्हर भोंगा वाजवतोय, एक पोर रडतंय, कोणाचा तरी कोंबडा सुटलाय. शिपाई दोन नारळ घेऊन धापा टाकत आला तोवर साहेबांचा जीव मेटाकुटीला आलेला. "जा! घेऊन जा तो साचा!"

मावशीने डबा उचलला आणि शिपायाच्या हातातले दोन्ही नारळही उचलले. मोटार सुटल्यावर दाजी म्हणाला, "मावशे, नारळ कित्याक घेतलंस?"

"मगे? साच्याबरोबर नारळ नको?"

* * *

पाय खारेपाटणचे, हेड पेडण्याचं. दोघांची सोयरीक बाबलने जुळवली. हेड आवळताना "कुईंऽऽ" असा आवाज यायचा, की गल्लीतली कुत्री उभी राहायची. आणि अशात सावंतवाडीहून निरोप आला, की एका हौशी वकिलाला आपला स्टँड विकायचाय. पुरा, हेडासकट!

बघायला गेलो. चकचकीत! पाय आत-बाहेर सरकतायत, हेडाला मऊ मूठ. दाजीच्या तोंडाला पाणी सुटलं. "मास्तर, ह्यो घेवन गेलो तर अण्णा बगीतच र्‍हवतले!"

मी म्हटलं, आधी परीक्षा. काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला हेडावर ठेवला. एक मिनिट ठीक. मग हेडाने हळूहळू मान खाली घातली आणि पेला वकिलांच्या पायावर! वकील म्हणाले, "थोडं नवं पाणी होतं म्हणून." याचा अर्थ मला आजतागायत कळलेला नाही.

पण दाजीचं मन त्या चकचकीवरून उठेना. आमचं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, "मेल्या, लगीन करूचा आसा काय स्टँड मिरवूचो आसा?" शेवटी दाजी म्हणाला, देवालाच विचारू.

आमच्याकडे कौल लावायची पद्धत आहे. गुरव देवाच्या अंगावर उजवी-डावीकडे ओल्या कळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गुरवाने विचारलं, "देवा, वाडीच्या वकिलाचो स्टँड घेव काय?"

एक कळी हलेल तर शपथ! अर्धा तास गेला. माझ्या पायाला मुंग्या आल्या. गुरवाने दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. मग उठला आणि कळ्या स्वतःच काढून घेतल्या.

"काय म्हणता देव?" दाजी.

"देव म्हणता, तुजो तू बग. मगे फोटो हललो, तर माज्या नावान बोंबलतलंस!"

दाजी पायरीवर बसला. मग म्हणाला, "मास्तर, आपल्या स्टँडान एक फोटो काडल्यान आसा. पडवळाचो का असना. तो हललो नाय." मला त्या दिवशी दाजीचा फार अभिमान वाटला. तसं त्याला बोललो मात्र नाही. डोक्यावर बसला असता.

* * *

जत्रेचा दिवस. देवळासमोर सगळे मानकरी फेटे बांधून दोन रांगांत उभे, मधोमध अण्णा. तुळशीमागे बायका, त्यात शालू. स्टँड रोवला, हेड आवळलं, "कुईंऽऽ!" सगळ्या जत्रेने मागे वळून बघितलं.

तेव्हा फोटो काचेच्या प्लेटीवर निघायचा आणि आमच्याकडे तीनच प्लेटी. पहिलीत कुत्रं आडवं आलं. दुसरीला कोणाला तरी शिंक आली. उरली एकच प्लेट आणि ऊन देवळाच्या कौलांवर चढत चाललेलं. दाजी ओरडला, "आता कोणी हलू नको हां!"

"थांब!" अण्णा गरजले. "देवाक सांगल्याबगर कसो काडतंस? म्हणानच दोन फुकट गेले!"

आणि अण्णांनी नारळ हातात घेऊन देवाला गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. आमच्याकडे गाऱ्हाणं सुरू झालं की ते संपेपर्यंत देवसुद्धा मध्ये बोलत नाही!

"बा देवा महाराजाऽऽ!"

"व्हय महाराजाऽऽ!" सगळे मानकरी.

"आज ह्या दाजीन जा काय तीन पायांचा यंत्र तुज्या दारात उभा केल्यान आसा..."

"व्हय महाराजाऽऽ!"

"तेचे पाय खारेपाटणचे, मान गोंयची, तरी ता आपला मानून घे..."

"व्हय महाराजाऽऽ!"

मी दाजीला ढोसलं. "मेल्या, उजेड चल्लो!" दाजी रडकुंडीला आलेला. आणि एकदम त्याचे डोळे मोठे झाले. गाऱ्हाण्यात हात जोडलेली माणसं खांबासारखी उभी असतात! कोणी नाक खाजवत नाही की माशी मारत नाही. फक्त अण्णा, हातातला नारळ तसाच धरून, कोण हलतो का ते बघायला डावीकडून उजवीकडे मान फिरवत होते. दाजी काळ्या फडक्यात शिरला.

"...आणि ह्या फोटोर माज्या चेडवाचा लगीन अडाकलला आसा, तेतूर जो कोण हलात, तेका तू बगून घे रे महाराजाऽऽ!"

"व्हय महाराजाऽऽऽऽ!"

दाजीने झाकण काढलं.

चार दिवसांनी फोटो घेऊन आम्ही अण्णांच्या ओटीवर. अण्णांनी चष्मा लावला. एकेका माणसावर बोट ठेवत चालले. दाजी माझ्या धोतराचा सोगा मुठीत धरून बसलेला.

"सगळ्यांची तोंडां उगडी कित्याक?"

मी म्हटलं, "अण्णानू, अट हलण्याची होती. तोंडाची नव्हती."

"हूं." बोट पुढे सरकलं. फेट्याचा पीळ न् पीळ दिसत होता. मागची रांग झाली. पुढची झाली. बोट मध्ये येऊन थांबलं.

"ह्यो कोण? ह्यो बगा, ह्यो! एक तोंड हडे, एक थडे! ह्यो हललो! कोण ह्यो मेलो दोन तोंडांचो?"

मी छपराच्या वाशांकडे बघू लागलो. दाजीने डोळे मिटून घेतले.

आतल्या दाराआडून शालूचा आवाज आला. "बाबा, नारळ कोणाच्या हातात आसा, ता बगा."

अण्णांनी बघितलं. चष्मा काढला, धोतराला पुसला, परत लावून बघितलं. फोटो मांडीवर ठेवला. पानाचं तबक पुढे ओढलं, मागे ढकललं. ओटीवरचं मांजर उठून गेलं.

"बरा तर," अण्णा शेवटी म्हणाले. "दोन तोंडां आसत मां माका? मगे एका तोंडान इतके दिस 'नाय' म्हणत होतंय..." त्यांनी दाजीकडे बघितलं, मग आतल्या दाराकडे बघितलं. "आता दुसऱ्यान 'व्हय' म्हणतंय."

आणि दाराआडून, एकटीचाच, पण सगळ्या मानकऱ्यांना पुरून उरेल असा आवाज आला:

"व्हय महाराजाऽऽ!"